रस्त्यावरच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याची सेटिंग्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याच्या पेठांमधून रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन फिरायला लागलो, तेव्हा सोबत कोणी येईल असं वाटलं नव्हतं. आता येतात, आणि आदल्या रात्री हमखास एक मेसेज करतात : ‘सेटिंग काय ठेवू?’ तेच प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे जातात. घाईत असाल तर पहिलं उत्तर वाचा आणि घराबाहेर पडा.

१. मी अगदी नवखा आहे. फार डोकं न लावता ठेवता येईल अशी एकच सेटिंग सांगा.

दिवसा : ॲपर्चर प्रायॉरिटी मोड (डायलवर ‘ए’ किंवा ‘एव्ही’), एफ ८, ऑटो आयएसओ कमाल ६४००, किमान शटर स्पीड १/२५०. दिवे लागल्यावर : लेन्स जितकी उघडेल तितकी, आणि किमान शटर १/१२५. (ॲपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड, एफचा आकडा मोठा तितकं ते लहान. शटर स्पीड म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, सेकंदात. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते.)

‘किमान शटर’ची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओच्याच मेनूत दडलेली असते. जुन्या कॅमेऱ्यात ती सापडली नाही तर शटर प्रायॉरिटी मोड घ्या, १/२५० लावा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. ॲपर्चर कॅमेरा ठरवेल, फार बिघडणार नाही.

हे सगळं घरी, चहा पिता पिता लावायचं. लक्ष्मी रोडवर मधोमध उभं राहून मेनू चाळणाऱ्याला फोटो मिळत नाही, मागच्याचा धक्का मात्र मिळतो.

२. शटर स्पीड १/६० ठेवला तर काय बिघडतं? लेन्स २८ची आहे, म्हणजे नियमाने १/३० सुद्धा चालायला हवं ना?

तो नियम तुमच्या हाताचा आहे, समोरच्याच्या पायांचा नाही. फोकल लेंग्थ (लेन्सवरचा मिमीचा आकडा) २८ असेल तर साधारण १/३० पर्यंत तुमच्या हाताची थरथर दिसत नाही, एवढंच तो सांगतो. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही फक्त हाताचीच थरथर पुसतं.

समोरच्याचा हिशोब वेगळा. माणूस तासाला ५ किलोमीटरने चालला तर सेकंदाला सुमारे १.४ मीटर जातो. १/६० सेकंदात तो सव्वादोन सेंटीमीटर सरकलेला असतो, १/२५० मध्ये साडेपाच मिलिमीटर. त्यातही पुढे टाकलेला पाय धडापेक्षा वेगात जातो, म्हणून चेहरा स्वच्छ आणि चप्पल पुसट असे फोटो येतात. सहज चालणाऱ्यांना १/२५० पुरतं. चर्चगेटबाहेर डब्यांचा पाटा डोक्यावर घेऊन निघालेल्या डबेवाल्याला १/५०० द्या. गल्लीतल्या क्रिकेटला १/१०००.

उलट दिशेचाही विचार ठेवा. धावती रिक्षा कॅमेऱ्याने पाठलाग करत १/२० किंवा १/३० ला टिपली की रिक्षा ठळक आणि मागची दुकानं रेघांची होतात. दहातले आठ फसतात, ते धरूनच चला.

३. एफ ८च का? मी मुद्दाम १.८ची लेन्स घेतली ती मागचं धूसर यावं म्हणूनच.

पोर्ट्रेटला धूसर करा. रस्त्याच्या फोटोत मागचं धूसर केलंत तर माणूस उरतो आणि रस्ता जातो. तुळशीबागेत एक बाई बांगडीवाल्याशी घासाघीस करतेय आणि मागे तिची मुलगी कंटाळून छताकडे बघतेय. गंमत त्या मुलीत आहे. एफ १.८ ला ती मुलगी म्हणजे एक गुलाबी डाग.

शिवाय एफ ८ ला फोकस थोडा चुकला तरी निभावतं (प्रश्न ६ पाहा). मग एफ १६ का नको? तिथे प्रकाश आणखी दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) कमी होतो, आयएसओ चौपट चढतो, आणि विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळं चित्रच किंचित मऊ होतं.

अपवाद एकच, पण आपल्याकडे रोज भेटणारा : मागे वाढदिवसाचा फ्लेक्स असेल तर खुशाल १.८ करा. भाऊंचे चेहरे धूसर झाले तर कोणाचं नुकसान नाही.

४. आयएसओ ६४०० ला दाणे दिसतात. १६०० च्या वर जाऊ नये असं ऐकलंय.

दाणे आले तर आले. हललेला फोटो कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्वीसारखा होत नाही, दाणे मात्र बऱ्यापैकी कमी करता येतात आणि छापल्यावर तर अर्धे दिसतही नाहीत. शंभर टक्के झूम करून फोटो बघणारा जगात एकच माणूस असतो, ज्याने तो काढलाय.

खरा त्रास दाण्यांचा नसतो. फोटो मुळात काळा काढून नंतर संगणकावर उजळला की सावल्यांत घाण वर येते, आणि दोष आयएसओला मिळतो. ६४०० ला बरोबर उजेड घेतलेला फोटो हा १६०० ला अंधारा काढून ओढलेल्यापेक्षा बहुतेक वेळा स्वच्छ असतो.

५. क्लासमधले सर म्हणतात, एम मोड (सगळं हाताने लावायचा) आल्याशिवाय फोटोग्राफी येत नाही. खरं?

यावं जरूर, पण रस्त्यावर सतत वापरावं असं नाही. उन्हातून आडव्या बोळात शिरलात की उजेड चार स्टॉप पडतो. तेव्हा चाक फिरवत बसायचं की समोर बघायचं?

एम मोडला एक जागा आहे : ऊन स्थिर आहे आणि तुम्ही एकाच कोपऱ्यावर थांबलाय. तिथे जुना नियम घ्या : कडक उन्हात एफ १६ ला शटर म्हणजे आयएसओचा व्यस्त. आयएसओ २०० असेल तर एफ १६ ला १/२००, म्हणजेच एफ ८ ला १/८००. फिल्मच्या काळात रोल संपेपर्यंत आयएसओ बदलताच येत नसे. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९) यांनी भारतातले रस्ते रंगीत स्लाइड फिल्मवर टिपले, आणि स्लाइड फिल्म एक्स्पोजरची (उजेडाच्या मापाची) चूक फारशी पोटात घालत नाही. ६४ आयएसओच्या फिल्मवर भर उन्हात एफ ८ ला जेमतेम १/२५० मिळतं, सावलीत गेलात की तेही नाही. तुमच्या हातातला कॅमेरा त्या मानाने लाडावलेला आहे.

६. झोन फोकस म्हणजे नेमकं काय आणि किती मीटरवर लावायचं?

फोकस आधीच एका अंतरावर बांधून ठेवायचा, आणि माणूस त्या पट्ट्यात आला की नुसतं बटण दाबायचं. ऑटोफोकस गर्दीत पुढच्या खांद्याला चिकटतो, मागचा चेहरा सोडतो. झोनमध्ये हा खेळच नाही.

पट्टा किती रुंद, हे फोकल लेंग्थ आणि ॲपर्चर ठरवतात. बहुतेकांकडे क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असतो, म्हणून आकडे त्याचेच देतो, सगळे एफ ८ चे :

१८ मिमी : फोकस २ मीटरवर, तर सुमारे १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं.
२३ मिमी : फोकस अडीच मीटरवर, तर सुमारे १.४ ते १० मीटर.
३५ मिमी : फोकस ३ मीटरवर, तर सुमारे २.२ ते ४.९ मीटर.
५० मिमी : फोकस ३ मीटरवर, तर सुमारे अडीच ते ३.७ मीटर.

शेवटच्या ओळीत पट्टा जेमतेम सव्वा मीटरचा आहे. ५० मिमीवर झोन फोकस जमत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा काही दोष नसतो. तिथे ऑटोफोकस वापरा. आणि २३ मिमीची लेन्स एफ २ ला उघडलीत तर पट्टा २.१ ते ३.१ मीटर एवढाच उरतो, म्हणजे रात्री झोन फोकस विसरा.

पट्ट्याच्या कडांना चित्र थोडं मऊच असतं. मोबाइलवर आणि लहान छपाईत कळत नाही, भिंतीवर मोठं लावायचं असेल तर कळतं.

अंतराचा अंदाज ही खरी मेहनत आहे. घरात टेप नसेल तर सहावारी साडी मधोमध दुमडून जमिनीवर पसरा, पावणेतीन मीटर होतात. ते अंतर आठवडाभर येता-जाता बघा. मग रस्त्यावर डोळाच सांगतो, आता आला पट्ट्यात.

७. माझी लेन्स कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ आहे. तिच्यावर अंतराचे आकडेच नाहीत.

१८ वर ठेवा, एफ ८ करा. दोन मीटरवरच्या खांबावर किंवा स्कूटरवर ऑटोफोकस करा, आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका. झाला झोन. झूमच्या रिंगला धक्का लागू नये म्हणून मी तिथे चिकटपट्टीचा तुकडा लावायचो. दिसायला गबाळं, पण काम चोख.

एक खोड लक्षात ठेवा : बऱ्याच मिररलेस लेन्सेसमध्ये फोकसची रिंग विजेवर चालते आणि कॅमेरा बंद किंवा झोपी गेला की फोकस आपल्या जागेवरून हलतो. उठल्यावर पुन्हा खांबावर लावा. रिको जीआरसारख्या कॅमेऱ्यात ‘स्नॅप फोकस’ नावाने हे अंतर मेनूतच ठरवून ठेवता येतं.

८. २८, ३५ की ५०?

आहे ती. घ्यायचीच असेल तर पेठांच्या बोळांना आणि लोकलच्या पुलांना २८ किंवा ३५ (क्रॉपवर १८ किंवा २३). मागे सरकायला जागाच नसते.

९. वारीतले माझे सगळे फोटो काळपट आले. चेहरे तर दिसतच नाहीत. कॅमेरा खराब आहे का?

कॅमेरा त्याच्या नियमाने चालला. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला माणूस कळत नाही. समोरचं सगळं सरासरी मध्यम राखाडी असावं, एवढंच तो धरून चालतो. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या यांनी चौकट भरली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळंच दाबतो. त्यात सावळे चेहरे आणखी बुडतात.

आषाढात आभाळ भरलेलं असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड वर-खाली करायची सोय) +०.७ ठेवा, गरज पडली तर +१. ढगाळ उजेड मऊ असतो, पांढरं जळत नाही. मध्येच लख्ख ऊन पडलं तर मात्र लगेच शून्यावर किंवा −०.३ वर या, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा आणि चेहरे घरी उजळा. धोतराच्या चुण्या एकदा जळल्या की रॉमध्येही परत येत नाहीत. सावलीतला चेहरा दोन स्टॉप तरी वर येतो.

उलटा प्रकार काळ्या पार्श्वभूमीचा. वाड्याच्या अंधाऱ्या दारात बसलेल्या आजोबांचा चेहरा पांढराफटक येतो, तिथे −१. आणि माणसामागे नुसतं आभाळ असेल तर +१, किंवा सरळ दोन पावलं बाजूला होऊन मागे भिंत घ्या. दुसरा उपाय फुकट आहे, तरी लोक पहिला निवडतात.

१०. दुपारी बारा ते तीन फोटो काढूच नयेत का?

काढावेत, पण चेहऱ्यांच्या आशेने नव्हे. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात सूर्य बारा-साडेबाराच्या सुमारास अगदी डोक्यावर येतो (शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो). तेव्हा डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख असतो. त्या वेळी −१ लावा आणि उन्हाच्या तिरिपीचे, छत्र्यांचे, सावल्यांचे फोटो काढा. सावलीला काळंच राहू द्या, तिला उजळायला गेलात की चित्र फिकट पडतं.

११. अर्ध्या चौकटीत ऊन, अर्ध्यात सावली. मीटर कशाचं मानायचं?

उन्हाचं. कॅमेऱ्यात हायलाइट प्रायॉरिटी मीटरिंग (सर्वांत उजळ भागावरून मोजणारं) असेल तर ते लावा, नसेल तर उन्हाच्या भागावर एक्स्पोजर लॉक करून मग चौकट जुळवा. माणूस त्या उजेडाच्या तुकड्यात येईपर्यंत थांबा. सावलीतलाच माणूस महत्त्वाचा असेल तर निर्णय उलटा : सावलीचं मीटर घ्या आणि ऊन जळू द्या. दोन्ही वाचवायचा प्रयत्न केला की जे येतं ते मोबाइलच्या एचडीआरसारखं दिसतं.

१२. बाजारात ताडपत्रीखाली सगळे निळे येतात. व्हाइट बॅलन्स बदलूनही जात नाही.

जाणार नाही. निळी ताडपत्री लाल उजेड आतच येऊ देत नाही, आणि जे आलंच नाही ते व्हाइट बॅलन्स कुठून आणणार? त्वचेत लाल महत्त्वाचा, म्हणून चेहरे राखेसारखे दिसतात. रॉमध्ये ओढून लाल वाढवला की दाणे आधी वर येतात.

तीन वाटा आहेत. ताडपत्रीच्या कडेला, जिथे खरा उजेड तिरका येतो, तिथे उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढा. नाहीतर +०.७ देऊन काढा आणि कृष्णधवल करा. नाहीतर निळं मान्य करा. दादरच्या फुलबाजारात निळ्या उजेडाखालचा पिवळा झेंडू मला एकदा असा काही दिसला की त्यानंतर मी निळ्याशी भांडणं सोडलं. पिवळ्या ताडपत्रीचा प्रश्न कोणी पाठवत नाही, तिच्याखाली सगळे तजेलदार दिसतात.

१३. रात्री दुकानांच्या दिव्यांत फोटोवर आडवे काळे पट्टे येतात.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी आणि जुन्या चोकच्या ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला कळत नाही, शटरला कळतं. शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे दर फोटोत पूर्ण फेरे बसतात. माणूस हलेल, त्याला थांबलेल्या क्षणी धरा. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल घ्या. अँटी-फ्लिकर पर्याय असेल तर लावा.

न्यू जर्सीहून एकांनी कळवलं की १/१०० करूनही पट्टे येतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे १/६० किंवा १/१२५. देखाव्यांच्या रंगीत एलईडी पट्ट्या आणि मोठे स्क्रीन विजेच्या चालीने लुकलुकत नाहीत, त्यांची स्वतःची चाल असते. तिथे एकेक शटर स्पीड लावून बघण्याला पर्याय नाही.

१४. सायलेंट शटर लावलं तर लोकांना कळणार नाही ना?

कीर्तनात आणि देवळात शांतता राहावी म्हणून लावा. लपण्यासाठी लावू नका. कोणी मानेने नाही म्हटलं तर फोटो नाही, मग आवाज आला काय आणि न आला काय. तांत्रिक तोटाही आहे : बऱ्याच कॅमेऱ्यांत सायलेंट शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे जाणारी बस तिरकी होते आणि प्रश्न १३ मधले पट्टे दुप्पट जोमाने येतात.

१५. पावसात काय बदलू?

धारा रेघांसारख्या हव्यात तर १/३० ते १/६०, थेंब गोठलेले हवेत तर १/५०० च्या वर. धारा दिसण्यासाठी मागे काहीतरी गडद लागतं, पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसतच नाही. फ्लॅश मारलात तर लेन्सजवळचे थेंब पांढरे गोळे होऊन येतात, काहींना ते आवडतात.

सेटिंगपेक्षा मोठा शत्रू म्हणजे एसी गाडी. थंड कॅमेरा दमट हवेत काढला की काचेवर वाफ धरते आणि पहिली दहा मिनिटं वाया. उतरायच्या आधी एसी बंद करा, कॅमेरा पिशवीतच गरम होऊ द्या. घरी आल्यावर ओल्या बॅगेत कोंडू नका. कोकणात आणि मुंबईत लेन्सला बुरशी धरायला एक पावसाळा पुरतो. सिलिका जेल टाकलेला घट्ट झाकणाचा डबा चालतो.

१६. विसर्जन मिरवणुकीत फ्लॅश वापरू का? ढोलवाल्याचे हात कधी पुसट, कधी दगडासारखे येतात.

दोन्ही एकाच फोटोत घ्या. शटर १/१५, एफ ८, आयएसओ ८००, फ्लॅश मॅन्युअल १/१६ ताकदीवर आणि ‘रिअर कर्टन’ सिंकवर. संथ शटरमध्ये टिपरूची वाट रेघ होऊन येते आणि शेवटी फ्लॅश चेहरा गोठवतो. साधा सिंक ठेवलात (फ्लॅश सुरुवातीलाच उडतो) तर रेघ हाताच्या पुढे पडते आणि टिपरू उलटं चालल्यासारखं वाटतं. दिवसा फ्लॅश वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर शटर जात नाही, त्यामुळे एफ ११ किंवा १६ वर यावं लागतं. दिवसापुरता प्रश्न ३ मधला उपदेश विसरा.

ताशावाल्याच्या डोळ्यांवर जवळून मारू नका, ताल चुकतो. अलका चौकात गर्दी दाटते, तिथे लेन्स बदलू नका. गुलाल सेन्सरवर बसला की पुसताना आणखी पसरतो. जेजुरीच्या भंडाऱ्यालाही हाच नियम.

१७. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे.

मग प्रश्न ३, ६ आणि ७ तुमच्यासाठी नाहीत. मुख्य कॅमेऱ्याचं ॲपर्चर सहसा बदलत नाही आणि सेन्सर इतका लहान की दोन मीटरपुढचं बहुतेक सगळं आपोआप फोकसमध्ये असतं. तुम्ही एवढं करा : चेहऱ्यावर बोट दाबून फोकस लॉक करा, बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करा, आणि रात्री नाइट मोड बंद ठेवा. तो अनेक फोटो एकावर एक रचतो, त्यात चालणाऱ्यांची भुतं होतात. प्रो मोड असेल तर प्रश्न २ आणि १३ चे आकडे जसेच्या तसे लागू. आवाजाचं बटण शटर म्हणून वापरा, स्क्रीनवर अंगठा शोधताना फोन हलतो.

१८. कृष्णधवल कॅमेऱ्यातच काढू की नंतर करू?

रॉ आणि जेपीईजी दोन्ही, चित्राची शैली कृष्णधवल. पडद्यावर उजेड-सावली तेवढी दिसते आणि रॉमध्ये रंग शाबूत राहतात.

१९. सगळं वाचून लावलं, तरी अख्खी सकाळ पांढरीफटक आली. असं कसं?

आदल्या रात्रीचं काहीतरी तसंच राहिलं असणार. माझं झालंय. रात्री देखाव्यांसाठी आयएसओ हाताने ६४०० केला होता, दुसऱ्या दिवशी दहा वाजता मंडईबाहेर भर उन्हात एफ ८ लावून फिरलो. प्रश्न ५ मधल्या नियमाने तिथे १/२५००० च्या आसपास शटर लागतं. माझा कॅमेरा १/४००० ला थांबायचा, म्हणजे प्रत्येक फोटो अडीच स्टॉपहून जास्त जळालेला. भाजीच्या पाट्या, हमाल, दोन भांडणं, सगळं पांढरं. स्क्रीन उन्हात दिसत नव्हता, म्हणून घरी येईपर्यंत पत्ता नाही.

तेव्हापासून डायलवरच्या ‘सी १’ ला दिवसाची आणि ‘सी २’ ला रात्रीची सेटिंग साठवलेली आहे. तुमच्या कॅमेऱ्यात ती जागा नसेल तर कॅमेरा बंद करताना क्रम ठरवून घ्या : आयएसओ ऑटोवर, कॉम्पेन्सेशन शून्यावर, फोकस ऑटोवर, मग लेन्सचं झाकण.